मायानगरीतील खाटकाचे दुकान

अद्भुतरम्य जगावर बेतलेल्या संगणकीय खेळांत खाटीक म्हटला की तो बहुधा राक्षस असतो. १९९६-९७च्या सुमारास आलेल्या ‘डायाब्लो’ या खेळात तळघरातील रक्ताळलेल्या खोलीत सुरा परजून उभा असलेला ‘बुचर’ त्या पिढीच्या खेळाडूंना आजही आठवतो. परंतु याच काळात निराळ्या जातीचे खेळही रुजत होते. त्यांत खेळाडूने केवळ राक्षस मारायचे नसून एखाद्या गावात राहायचे, तेथील भूमिका निभवायची आणि जमल्यास पोटापाण्याचा उद्योगही करायचा, अशी अपेक्षा असते. अशा गावात लोहार असतो, शिंपी असतो, खानावळवाला असतो. आणि गावाला गावपण हवे असेल तर खाटीकही असावा लागतो. काही खेळाडूंनी हौसेने ही भूमिका स्वीकारली. बाप, मुलगा, पुतण्या अशी नाती ठरवून त्यांनी दुकान थाटले. हे दुकान चालते कसे, आणि पुष्कळदा चालत का नाही, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी त्यात अर्थशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत.

या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळावयाच्या खेळात आहे. तेथील अर्थव्यवहाराचा पाया साहसवीराला सोयीचा होता. तो भुयारात उतरतो, पोतेभर सोन्याची नाणी घेऊन वर येतो आणि ती गावात उधळतो. साध्या वस्तूंचे भाव एवढे चढे का, याचा खुलासा गायगॅक्स यांना १९७८च्या नियमपुस्तकात करावा लागला. अलास्कात सोने सापडले तेव्हा तेथे जशी महागाई भडकली, तशीच ही अवस्था समजावी, असा त्याचा आशय होता. खुलासा चतुर होता. मात्र त्यातील गोम अशी की सोन्याच्या धाडीत मालामाल होणाऱ्यांच्या गर्दीत मटण विकणाऱ्याने जगायचे कसे, याचे उत्तर त्या पुस्तकाला द्यावे लागले नाही. टेबलावरचा खाटीक खेळ चालविणाऱ्याच्या तोंडून बोलतो आणि प्रसंग संपला की नाहीसा होतो.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो हजारो माणसे एकाच मायानगरीत नांदू लागली तेव्हा. सप्टेंबर १९९७मध्ये टेक्सासमधील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू केला. त्याचे जनक रिचर्ड गॅरियट यांची मूळ कल्पना भव्य होती. जंगलात ससे-मेंढ्या गवत खातील, लांडगे मेंढ्यांना खातील, भक्ष्य कमी झाले की हिंस्र पशू गावाकडे वळतील, अशी सजीव साखळी रचण्यात आली. प्रत्यक्षात खेळाडू आत शिरले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी मारून टाकला. पैदाशीपेक्षा कत्तलीचा वेग जास्त ठरल्याने ती साखळी अखेर काढून टाकावी लागली. खाटकाच्या धंद्याचा आधार म्हणजे पशुधन; तेच पहिल्याच तडाख्यात निकालात निघाले म्हणावयाचे!

तरीही धंद्याची साधने त्या जगात होती. मारलेल्या जनावरावर सुरी चालविली की कच्च्या बरगड्या आणि कातडे मिळे, पक्ष्याकडून पिसे मिळत. पिसांवाचून बाण होत नाहीत, कातड्यावाचून चिलखत होत नाही. म्हणजे जोडधंद्याला वाव होता. संगणकाने चालविलेले खाटीकही शहरांत बरगड्या, सॉसेज आणि सुरे मांडून उभे असत. मात्र खेळाडूने चालविलेल्या दुकानाला मुख्य मालावर, म्हणजे मांसावर, जगणे कठीण होते.

याचे कारण समजून घेण्यासाठी खऱ्या खाटीकगल्लीकडे वळावे लागेल. इंग्लंडमधील यॉर्क शहरात ‘शॅम्बल्स’ नावाची अरुंद गल्ली आहे. मांस मांडण्याच्या फळीसाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले. दोन्ही बाजूंची घरे वरच्या मजल्यांवर पुढे झुकलेली, त्यामुळे दुकानातील मांसावर ऊन पडत नसे. पदपथ उंच, मधला रस्ता पन्हळीसारखा. रक्त आणि घाण पाण्याने वाहून नेता यावी म्हणून. १८७२पर्यंत तेथे पंचवीसच्या आसपास खाटिकांची दुकाने होती. आज एकही नाही. भिंतींवरचे आकडे मात्र अजून दिसतात आणि त्यांच्याखाली पर्यटक जादूगाराच्या छड्या विकत घेतात. या गल्लीची सारी रचना एका साध्या गोष्टीने घडविली: मांस नासते. नासते म्हणून ते रोज कापावे लागते, त्याच दिवशी खपवावे लागते, गिऱ्हाईक जवळ असावे लागते आणि खाटकाच्या शब्दावर विश्वास असावा लागतो. हा विश्वास एका माणसाच्या हयातीत पुरता जमत नाही. म्हणूनच दुकान बापाकडून मुलाकडे गेले. शहरात व्यापार करण्याचा हक्कही यॉर्कमध्ये वारशाने मिळू शकत असे.

‘अल्टिमा’च्या जगात मांस नासत नाही. पेटीत टाकलेली बरगडी वर्षानंतरही तशीच. शिवाय उपाशी राहून खेळाडूचे फारसे काही बिघडत नाही. नासाडी नाही आणि भूकही नाही, तेव्हा रोजच्या गिऱ्हाइकाला कारणच उरत नाही. भरीस भर म्हणजे या खेळात कौशल्य सरावाने वाढते. स्वयंपाकात निपुण होऊ पाहणारा खेळाडू शेकडो बरगड्या भाजतो आणि नंतर मिळेल त्या भावाला टाकून देतो, कारण त्याला माल नको असतो, सराव हवा असतो. शिंप्यांच्या बाबतीत हे इतके झाले की सदऱ्यांचे ढीग साचले. उमेदवारी करणाऱ्यांनी बाजार भरून टाकला की उस्तादाच्या मालाला भाव कोण देणार?

मग ‘कुटुंब’ कशासाठी? येथे गंमत आहे. नात्याची गरज बाजाराने नव्हे, तर घराच्या नियमांनी निर्माण केली. सुरुवातीच्या काळात मायानगरीतील घराला कोणी नियमित भेट दिली नाही, तर ते जीर्ण होत जाऊन कोसळत असे. मालक परीक्षेला बसला, आजारी पडला वा परगावी गेला की दुकान आतल्या सामानासह गमावण्याची धास्ती. म्हणून विश्वासाची चार माणसे हाताशी असणे भाग होते. दुकानात पगारी, संगणकचलित विक्रेता उभा करता येई. परंतु त्याला रोजचा पगार द्यावा लागे आणि गल्ला संपला की तो निघून जाई. शिवाय २०००च्या मे महिन्यात सुरक्षित भूभाग वेगळा होईपर्यंत शहराबाहेरच्या रस्त्यांवर लुटारू खेळाडूंची टेहळणी असे. कातडी घेऊन येणाऱ्या शिकाऱ्याला दारापर्यंत पोहोचविण्यासाठीही सोबत लागे. ‘पुतण्या’ हा शब्द नाटकातला असेल, पण त्याची पाळी खरी होती.

मांसाला खरी मागणी निर्माण करण्याचा प्रयत्न पुढे झाला तो अद्भुतकथेऐवजी विज्ञानकथेच्या जगात. ‘अल्टिमा’च्या रचनेत मोलाचा वाटा असलेले राफ कोस्टर यांच्या नेतृत्वाखाली जून २००३मध्ये ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ आला. तेथे मांसाच्या जाती वेगळ्या होत्या आणि प्रत कमीजास्त असे. आचारी उत्तम प्रतीचे मांस शोधत, कारण चांगल्या जेवणाने योद्ध्याचे बळ काही काळ वाढे. पोटात किती मावेल यालाही मर्यादा होती. खाल्लेले संपते, पुन्हा घ्यावे लागते. एवढ्या साध्या युक्तीने शिकारी, मांसविक्रेता आणि आचारी यांची साखळी जुळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात खेळाडूंना स्वतःची गावे वसविण्याची सोयही मिळाली. नोव्हेंबर २००५मध्ये मात्र कंपनीने चौतीस व्यवसायांचे नऊ केले. अधिक लढाई आणि अधिक गिऱ्हाईक, असा हिशेब त्यामागे होता. बाजारपेठेतील कित्येक दुकानदार त्यानंतर परतले नाहीत आणि १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंद झाला. ‘अल्टिमा ऑनलाइन’ मात्र अद्याप सुरू आहे. त्याच्या शहरांतील संगणकी खाटीक आजही बरगड्या आणि सुरे विकतात.