रिक्षा थांबली, गोळी थांबवू नका



२०२१ साली बुधवार पेठेत एका रिक्षावाल्या दादांचा रक्तदाब तपासला. १८०/११०. गोळीचं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "ताई, महिना झाला, आणलीच नाही. हप्ता भरायचा का गोळ्या आणायच्या?" त्याच दिवशी त्यांना सिव्हिलला नेलं.

तेव्हा अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरची देवळं बंद होती, गाड्या कमी होत्या. स्टेशनवर गिऱ्हाईक नव्हतं. मिळालं तरी रिक्षात दोनच प्रवासी बसवता येत होते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण व्याज चालूच राहिलं. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआय तरी आहे, रिक्षावाल्याला तेही नाही.

१३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये जाहीर केले. ऑनलाइन अर्जासाठी वाहन क्रमांक, परवाना, लायसन्स आणि आधार लागत होतं. आधार बँक खात्याला जोडलेलं असावं लागत होतं. पण जो दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवतो, त्याच्या नावावर परवाना नसतो. त्याच्या हाती काहीच आलं नाही. वस्तीने आधी त्याच्याकडे पाहावं.

चार गोष्टी करू या.

एक, रक्तदाब-मधुमेहाची गोळी मनाने बंद करू नका. पैसे नसतील तर केसपेपर काढून सरकारी दवाखान्यातून घ्या.

दोन, ताप-खोकला असेल तर रिक्षा बाहेर काढू नका. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर घरी थांबू नका.

तीन, दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड सोबत न्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. सावकाराकडे जाण्याआधी आरोग्यमित्राला भेटा.

चार, घरचा माणूस गप्प झाला, झोपेना, दारूकडे वळला, तर त्याला टोमणे मारू नका. कर्जाचा आकडा घरात उघड बोला. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

बुद्धविहारात वर्गणी निघतेच. त्यातली थोडी औषधासाठी बाजूला ठेवा. रुग्णाला दवाखान्यात नेताना शेजारच्याच दादांची रिक्षा करा आणि भाडं पूर्ण द्या. ती मदत नव्हे, त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे. त्यात त्यांचा स्वाभिमानही राहतो.

त्या दादांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. तुमच्या गल्लीत कुणाची बंद आहे, आज संध्याकाळी विचारून या.

नमो बुद्धाय.