राजवाड्यातली शिरगणती

२५ फेब्रुवारी २०२०. क्वालालंपूरच्या इस्ताना नगारा या राजवाड्यासमोर खासदारांच्या गाड्यांची रीघ लागली होती. एकेक जण आत जाई, राजासमोर बसे आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर येई. हाती दिलेल्या कागदावर एवढेच सांगायचे होते: पंतप्रधान म्हणून कोण हवा, की संसद बरखास्त व्हावी? हे दोन दिवस चालले. फाटकाबाहेर ताटकळलेल्या पत्रकारांना राजाने स्वतः येऊन बर्गर वाटले आणि ती छायाचित्रे देशभर फिरली. लोकांना राजा आवडला. त्याच शहरात संसदेचे सभागृह मात्र रिकामे होते.

तिथून पुढचे तेहेतीस महिने मलेशियाने तीन पंतप्रधान नेमले जाताना पाहिले. तिन्ही वेळा बहुमताचा निवाडा आधी राजवाड्यात झाला. सभागृहात तो उशिरा झाला किंवा झालाच नाही. या काळाकडे वळून बघताना राजाच्या संयमाचे कौतुक पुष्कळ होते आणि ते बरेचसे रास्तही आहे. पण खासदारांनी स्वतःचे काम राजाच्या दारात नेऊन ठेवले, ही गोष्ट त्या कौतुकाखाली झाकली जाऊ नये.

मलेशियाचा राजा हे जगावेगळे पद आहे. देशात तेरा राज्ये आहेत. त्यांपैकी नऊ राज्यांना वंशपरंपरागत राजे आहेत, उरलेल्या पिनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक या चार राज्यांना राज्यपाल. नऊ राजे आपल्यातूनच एकाला गुप्त मतदानाने पाच वर्षांसाठी देशाचा प्रमुख निवडतात. त्याला ‘यांग दि-पर्तुआन आगोंग’ म्हणतात, बोलताना नुसते आगोंग. पाळी ठरलेल्या क्रमाने फिरते. राजांच्या परिषदेत चार राज्यपालही बसतात, पण या निवडीत त्यांना मत नसते. जमीन, इस्लाम धर्माचा कारभार आणि मलय रूढी हे विषय राज्यांकडे आहेत. प्रत्येक राज्याला एकसदनी विधानसभा आणि स्वतःचा मुख्यमंत्री आहे. केंद्रात दोन सभागृहे: निवडून आलेल्या २२२ सदस्यांचे देवान राक्यात आणि ७० सदस्यांचे देवान नगारा. वरिष्ठ सभागृह राज्यांचे म्हणवते, पण त्यात राज्यांच्या विधानसभांनी धाडलेले सदस्य फक्त २६. बाकीचे ४४ जण केंद्र सरकारच्या सल्ल्याने नेमले जातात. त्यामुळे राज्यांचा आवाज या सभागृहातून फारसा उमटत नाही. तो उमटतो खालच्या सभागृहात, साबा आणि सारावाकच्या ५६ जागांमधून. पुढे २०२२मध्ये याच जागा निर्णायक ठरल्या.

हा आराखडा मुळात १९५६-५७मध्ये लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आखला. त्या पाच जणांत अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते. राजाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे हा मूळ नियम. त्याला घटनेच्या चाळिसाव्या अनुच्छेदात मोजके अपवाद ठेवले गेले. पंतप्रधानाची नेमणूक आणि संसद बरखास्तीची विनंती नाकारणे या गोष्टी राजाच्या स्वतःच्या विवेकावर सोडल्या. त्रेचाळिसावा अनुच्छेद म्हणतो की, राजाच्या मते ज्याला बहुसंख्य खासदारांचा विश्वास मिळण्याचा संभव आहे, त्याला पंतप्रधान नेमावे. आता ‘राजाच्या मते’ म्हणजे नेमके कसे ठरवायचे? १९५७ ते २०१८ ही एकसष्ट वर्षे हा प्रश्न केंद्रात पडलाच नाही. आधी अलायन्स आणि मग तिचाच विस्तार असलेली बारिसान नॅशनल आघाडी प्रत्येक निवडणूक जिंकत राहिली. राजाने सही करायची आणि शपथ द्यायची, एवढेच उरले होते.

राज्यांत मात्र या प्रश्नाची रंगीत तालीम दोनदा झाली होती. १९६६मध्ये सारावाकच्या राज्यपालांनी मुख्यमंत्री स्टीफन कलोंग निंगकन यांना, सदस्यांच्या सहीचे अविश्वासाचे पत्र आल्यावरून बडतर्फ केले. न्यायालयाने ती बडतर्फी रद्द ठरवली. विश्वास गेला की नाही हे सभागृहातल्या मतदानातून कळायला हवे, असा तो निकाल होता. केंद्राने मग आणीबाणी जाहीर करून सारावाकची घटनाच बदलली आणि निंगकन यांना घालवले. २००९मध्ये पेराकमध्ये ५९ जणांच्या विधानसभेतून तिघे सत्ताधारी बाजू सोडून गेले. मुख्यमंत्री निझार जमालुद्दीन यांनी विधानसभा बरखास्त करण्याची विनंती केली. सुलतान अझलान शाह यांनी, जे एके काळी देशाच्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख होते, ती नाकारली आणि दुसऱ्याला नेमले. २०१०च्या फेब्रुवारीत सर्वोच्च पातळीवरच्या फेडरल कोर्टाने सुलतानांच्या बाजूने कौल दिला: बहुमत गेल्याची खात्री सभागृहाबाहेरच्या मार्गांनीही करून घेता येते. २०२०ची वाट या निकालाने मोकळी केली होती.

मे २०१८मध्ये बारिसान पहिल्यांदा हरली. ९२ वर्षांचे महाथिर मोहम्मद पाकातान हारापान आघाडीचे पंतप्रधान झाले. पुढच्या जानेवारीत आगोंग असलेल्या केलांतानच्या सुलतान पाचवे मुहम्मद यांनी मुदतीआधीच पद सोडले. असे आधी कधी झाले नव्हते. त्यांच्या जागी पाहांगचे सुलतान अब्दुल्ला आले. ते स्वतः सुलतान होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

फेब्रुवारी २०२०मध्ये पाकातानमधल्या बेर्सातू पक्षाचे आणि अन्वर इब्राहिम यांच्या पक्षातले काही खासदार फुटले. पेतालिंग जयाच्या शेरेटन हॉटेलात खलबते झाली, म्हणून हा डाव आजही शेरेटनच्याच नावाने ओळखला जातो. २४ तारखेला महाथिर यांनी राजीनामा दिला आणि राजाने त्यांनाच हंगामी पंतप्रधान नेमले. मग राजवाड्यातल्या त्या मुलाखती झाल्या. त्यांतून कोणाचेच स्पष्ट बहुमत दिसेना, तेव्हा महाथिर यांनी २ मार्चला सभागृहाची खास बैठक भरवून तिथेच फैसला करण्याचे जाहीर केले. सभापती मोहम्मद आरिफ यांनी बैठक बोलवायला नकार दिला. बोलावण्याची रीत कामकाजाच्या नियमांत बसत नव्हती. नियमाने ते बरोबर असेल, पण साऱ्या पेचातला सर्वांत सरळ रस्ता त्या दिवशी बंद झाला. २९ तारखेला राजवाड्याने बेर्सातूचे मुहिद्दीन यासीन यांचे नाव जाहीर केले. त्याच रात्री महाथिर यांनी ११४ खासदारांची यादी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहिद्दीन यांचा शपथविधी झाला.

ही यादी खरी होती की नाही, हे देशाला कधीच कळले नाही. मार्चमध्ये भरायची संसद मेपर्यंत ढकलली गेली. १८ मेला ती एका दिवसापुरती भरली आणि राजाचे अभिभाषण होऊन उठली. पहिले खरे मतदान १३ जुलैला झाले तेही सभापतींना हटवण्यावर: १११ विरुद्ध १०९. एवढ्या काठावरचे सरकार विश्वासदर्शक ठराव कशाला मांडेल?

ऑक्टोबरमध्ये मुहिद्दीन यांनी करोनाच्या कारणावरून आणीबाणी मागितली. आणीबाणी लागू झाली तर संसद बसवावी लागणार नव्हती आणि अर्थसंकल्पावरचे मतदानही टळले असते. दीडशेव्या अनुच्छेदाखाली राजाने मंत्रिमंडळाचे ऐकायचे की स्वतः ठरवायचे, यावर घटनातज्ज्ञांत दुमत आहे. सुलतान अब्दुल्ला यांनी बाकीच्या राजांना बोलावून सल्ला घेतला आणि २५ ऑक्टोबरला नकार दिला. सोबत राजकारण्यांना समजही दिली. या साऱ्या काळातला राजाचा हा सर्वांत धाडसी निर्णय होता. अर्थसंकल्प सभागृहात गेला आणि डिसेंबरमध्ये १११ विरुद्ध १०८ मतांनी मंजूर झाला. म्हणजे सभागृह चालू शकत होते, मोजू शकत होते.

पण १२ जानेवारी २०२१ला तीच आणीबाणी मिळाली, १ ऑगस्टपर्यंत. सरकारमधल्या उम्नो पक्षाचे खासदार एकेक करून पाठिंबा काढत असतानाच संसद थांबली. निवडणुका थांबल्या आणि सरकार वटहुकमांवर चालू लागले. जूनच्या मध्यात राजांच्या परिषदेने संसद लवकर बोलवा म्हणून सांगितले. सरकारने पाच दिवसांची बैठक ठेवली. २६ जुलैला कायदामंत्र्यांनी सभागृहात उठून सांगितले की आणीबाणीतले वटहुकूम आधीच मागे घेतले आहेत. तीन दिवसांनी राजवाड्याने पत्रक काढले: राजाने याला संमती दिलेली नाही, आणि सभागृहाला दिलेली माहिती बरोबर नव्हती. घटनात्मक राजाने स्वतःच्याच सरकारला असे उघडपणे खोटे पाडले, तो मलेशियाच्या संसदेतला थरारक दिवस होता. विरोधी बाकांवरून राजीनाम्याच्या घोषणा उठल्या. १६ ऑगस्टला मुहिद्दीन गेले.

या खेपेला राजाने खासदारांकडून लेखी नावे मागवली. ११४ जणांनी इस्माईल साबरी याकोब यांचे नाव दिले आणि २१ ऑगस्टला ते पंतप्रधान झाले. नव्या पंतप्रधानाने लवकरात लवकर सभागृहात विश्वासमत घ्यावे, अशी इच्छा राजवाड्याने आधीच जाहीर केली होती. सरकारच्या महान्यायवादींनी त्याची गरज नसल्याचे सांगितले आणि ते मतदान झाले नाही. राजाच्या सहीने सभागृहाच्या मताची जागा घेतली ती इथे, आणि स्वतः राजाची तशी इच्छा नसताना.

तरीही त्याच कमकुवत सरकारच्या काळात सर्वांत टिकाऊ कामे झाली, याची नोंद घ्यायलाच हवी. १३ सप्टेंबर २०२१ला सरकार आणि विरोधी पाकातान यांनी लेखी करार केला. पुढच्या जुलैअखेरपर्यंत संसद बरखास्त करायची नाही आणि त्या बदल्यात सुधारणा करायच्या. डिसेंबरमध्ये साबा आणि सारावाक यांचे संघराज्यातले वेगळे स्थान घटनेत पुन्हा लिहिले गेले. दोन वर्षांपूर्वी याच धर्तीच्या दुरुस्तीला १३८ मते पडली होती. दोन तृतीयांशासाठी १४८ हवी होती, म्हणून ती पडली. आता १९९ मते मिळाली आणि विरोधात एकही नव्हते. अठरा वर्षांच्या तरुणांचा मताधिकार आणि आपोआप मतदार नोंदणी २०१९मध्येच मंजूर झाली होती, ती अमलात आली. जुलै २०२२मध्ये खालच्या सभागृहाने पक्षांतरबंदीची दुरुस्तीही मंजूर केली. शेरेटनचा डाव पुन्हा नको म्हणून आणलेला हा ४९अ अनुच्छेद ५ ऑक्टोबरपासून लागू झाला. पाच दिवसांनी संसद बरखास्त झाली.

१९ नोव्हेंबरच्या निवडणुकीत इतिहासात पहिल्यांदाच कोणालाही बहुमत मिळाले नाही. पाकातान ऐंशीच्या वर, मुहिद्दीन यांची पेरिकातान आघाडी सत्तरीच्या वर, बारिसान ३०वर. सारावाकची आघाडी २३, साबाची ६. राजाने बहुमताचा आकडा आणायला मुदत दिली आणि ती चोवीस तासांनी वाढवली. आकडा काही आला नाही. मग राजाने दोन मोठ्या आघाड्यांनी मिळून सरकार करावे असे सुचवले. मुहिद्दीन नाही म्हणाले. २४ तारखेला सगळे राजे पुन्हा बसले आणि त्याच संध्याकाळी अन्वर इब्राहिम यांनी शपथ घेतली. पंतप्रधानपदाची वाट पाहताना त्यांनी दोनदा तुरुंगवास भोगला होता. आधी पेरिकातानकडे झुकलेल्या सारावाकच्या आघाडीने त्यांना साथ दिली. तिचे फदिल्ला युसुफ उपपंतप्रधान झाले. साबा-सारावाकच्या, म्हणजे बोर्निओतल्या माणसाला हे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

१९ डिसेंबरला नव्या संसदेच्या पहिल्याच दिवशी अन्वर यांच्यावरचा विश्वासदर्शक ठराव मांडला गेला आणि आवाजी मतदानाने तो मंजूर झाला. आवाजी असल्यामुळे कोण कुठे उभा होता याची नोंद राहिली नाही. तरी पावणेतीन वर्षांत प्रथमच पंतप्रधानावरचा विश्वास सभागृहाने स्वतः सांगितला, आणि ज्यांना संसदीय पद्धत मनापासून हवी आहे त्यांच्यासाठी हे फार मोलाचे होते.

पक्षांतरबंदीची कसोटी लवकरच लागली. बेर्सातूच्या सहा खासदारांनी पक्ष न सोडता अन्वर यांना पाठिंबा दिला. पक्षाने त्यांचे सदस्यत्व संपल्याचे ठरवले आणि जागा रिकाम्या करण्याची मागणी केली. त्यांच्यातले गुआ मुसांगचे खासदार केलांतानच्या विधानसभेतही नेंगिरीचे आमदार होते. जून २०२४मध्ये केलांतानच्या सभापतींनी त्यांची आमदारकी रिकामी ठरवली आणि १७ ऑगस्टला तिथे पोटनिवडणूक झाली. दरम्यान जुलैमध्ये देवान राक्यातच्या सभापतींनी सहाही जणांच्या जागा कायम असल्याचा निर्णय दिला होता. एकाच माणसाच्या त्याच कृतीवरून राज्यातली जागा गेली, केंद्रातली राहिली.