कायदा आणि रस्ता (लेखांक ६) : दंडाधिकारी कुठे होता?

मागच्या लेखांकात जमावबंदीचा आदेश पाहिला. समजा तो मोडला गेला. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, राज्य राखीव दलाच्या गाड्या आल्या आणि तरीही जमाव हटेना. मग 'लष्कराला पाचारण' अशी बातमी येते. ती वाचताना डोळ्यांसमोर ट्रक आणि बंदुका उभ्या राहतात. कायद्याच्या नजरेतून पाहिले तर त्या चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस साध्या शर्ट-पँटमधला असतो. बहुधा तो एखादा प्रांत नाहीतर तहसीलदार, म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९ त्याच्यासाठी आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३० करत होते. बेकायदा जमाव दुसऱ्या कुठल्याही उपायाने पांगत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी तो पांगवणे भागच असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला दंडाधिकारी लष्कराला तशी मागणी करू शकतो. मात्र त्याने त्या जागी हजर असले पाहिजे. बंगल्यावर बसून फोनवर हुकूम देण्याची सोय या कलमात नाही.

पुढची कामाची वाटणीही मोठी हुशारीने केलेली आहे. पांगवायचे की नाही, हे दंडाधिकारी ठरवतो. कसे पांगवायचे, हे लष्करी अधिकारी ठरवतो. ते करताना कमीत कमी बळ वापरायचे आणि माणसांची, मालमत्तेची कमीत कमी हानी करायची, हे बंधन त्याच्यावर असते. त्यामुळे तहसीलदार एखाद्या जवानाला परस्पर 'चालव गोळी' असे सांगू शकत नाही आणि 'मला वाटले म्हणून पांगवले' असे अधिकारी म्हणू शकत नाही. लष्करात याची रीत शिकवली जाते : आधी स्पष्ट इशारा, हवेत गोळीबार नाही, हुकमाशिवाय एकही गोळी नाही, नेम खाली, आणि शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजून हिशेब. एवढी काटेकोर रीत लागते, कारण सैनिक मुळात शत्रूशी लढायला तयार केलेला असतो. पोलिसाला उद्या त्याच गावात, त्याच माणसांत राहायचे असते.

ही व्यवस्था आजची नाही. १८९८ च्या संहितेतही ती जवळपास अशीच होती, आणि म्हणूनच जालियनवाला बागेकडे या अंगाने पाहायला हवे.

अमृतसरमध्ये १० एप्रिल १९१९ रोजी स्थानिक पुढारी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना पकडून नेल्यावर लोक डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याकडे निघाले. वाटेत गोळीबार झाला, लोक बिथरले आणि पाच युरोपीय मारले गेले. डेप्युटी कमिशनर माइल्स अर्व्हिंग यांनी हात टेकले आणि शहर लष्कराच्या हवाली केले. ११ तारखेला जनरल डायर जालंधरहून आले. मार्शल लॉ मात्र अमृतसरला लागू झाला १५ तारखेला. म्हणजे १३ एप्रिलच्या संध्याकाळी कायदा नेहमीचाच होता. नव्हता तो दंडाधिकारी. डायर बागेत शिरले, जमावाला इशारा दिला नाही आणि पन्नास बंदुकांनी सुमारे दहा मिनिटे १,६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. तो आकडा तेव्हाही कुणाला पटला नव्हता.

या घटनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे डायर यांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारले ते मुंबईच्या सर चिमणलाल सेटलवाड यांनी. बोळ अरुंद म्हणून बाहेर ठेवलेल्या चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या, तर मशीनगन चालवली असती का? बहुधा हो, असे डायर यांचे उत्तर होते. गोळीबाराशिवाय जमाव पांगला असता, हेही त्यांनी मान्य केले; पण तसे केले असते तर लोक परत येऊन आपल्याला हसले असते! त्यांना साऱ्या पंजाबवर वचक बसवायचा होता. माझ्या मते हा कबुलीजबाब आकड्यांहून भयंकर आहे. समोरचा जमाव पांगवणे एवढेच काम कायदा देतो; दूरच्या लोकांना धडा शिकवण्याचे काम तो कुणालाच देत नाही. समितीच्या बहुमताच्या अहवालानेही इशारा न दिल्याबद्दल आणि गोळीबार फार वेळ चालवल्याबद्दल डायर यांना दोष दिला. सेटलवाड यांच्यासह तिघा हिंदी सदस्यांनी वेगळा आणि कडक अहवाल लिहिला.

अकरा वर्षांनी, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर आपल्या सोलापुरात पोलीस काही दिवस शहरातून नाहीसेच झाले. १२ मे रोजी तिथे मार्शल लॉ पुकारला गेला. तो लष्कराने मुलकी सत्तेला साह्य करण्याचा प्रकार नव्हता. तिथे मुलकी सत्ताच बाजूला सारली गेली. या दोन गोष्टींची वर्तमानपत्रांत आजही गल्लत होते.

उलट टोकाची चूकही आपल्याकडे घडली आहे. जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत लष्कर बोलावले गेले, पण त्याचा उपयोग बराचसा फ्लॅग मार्चपुरता झाला. स्पष्ट आदेश न दिल्याने चार मोलाचे दिवस वाया गेले, असा ठपका न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मुख्यमंत्र्यांवर ठेवला. जवान रस्त्यावर होते, आणि त्यांना काय करायचे हे सांगणारे कुणी नव्हते. दंगल आणि निदर्शने या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण जबाबदारी कुणी घ्यायची हा प्रश्न दोन्हीकडे तोच असतो.

एक पळवाट कायद्यातच आहे. सार्वजनिक सुरक्षा उघडउघड धोक्यात असेल आणि एकाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याशी संपर्क होऊ शकत नसेल, तर कलम १५० खाली लष्करी अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर जमाव पांगवू शकतो. संपर्क होताच मात्र पुढे दंडाधिकाऱ्याच्या सूचनेनेच वागायचे. घोडेस्वाराकरवी निरोप धाडण्याच्या काळात हे समजण्याजोगे होते. आज खिशाखिशात मोबाइल असताना 'संपर्क झाला नाही' हे कोर्टात पटवणे जड जावे. अर्थात आंदोलन सुरू झाले की मोबाइल सेवा बंद करण्याचा पहिला हुकूम प्रशासनच काढते, हा त्यातला विनोद!

नंतर खटला भरायचा म्हटले तर कलम १५१ आडवे येते. सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही आणि सशस्त्र दलातल्या माणसावर खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ज्याने बळ वापरले, त्याच्याच मालकाकडे परवानगीची किल्ली! हुकूम पाळणाऱ्याला काही संरक्षण हवे, हे मलाही मान्य आहे. पण परवानगी नाकारताना कारणे लेखी देऊन ती जाहीर करण्याची सक्ती तरी असावी.

आतापर्यंत पाहिले त्या सगळ्यात दंडाधिकारी निदान कागदावर तरी होता. १९५८ च्या सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायद्यात तो कागदावरही लागत नाही. अशांत घोषित केलेल्या क्षेत्रात हवालदाराच्या हुद्द्याचा माणूसही इशारा देऊन गोळी चालवू शकतो, ती थेट जिवावर बेतणारी असली तरी. त्या कायद्याबद्दल पुढच्या लेखांकात.