नग्नता कोणाची, अपराध कोणाचा?

सार्वजनिक ठिकाणी विवस्त्र वावरणे हा मुळातच गुन्हा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याची भाषा मात्र तशी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे २९४ वे कलम ‘अश्लील कृत्या’ला शासन करीत असे, आणि तेही त्या कृत्याने इतरांना उपद्रव होत असेल तरच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमाने हीच तरतूद पुढे चालविली आहे. तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. अश्लील काय आणि उपद्रव कोणता, हे मात्र प्रथम फिर्यादीने, मग पोलिसांनी व अखेरीस न्यायाधीशांनी ठरवावयाचे असते.

समाजाने हा निवाडा आपल्या परीने केव्हाच करून टाकला आहे. त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधू स्नानाला निघतात तेव्हा पोलीस त्यांना अडवीत नाहीत. उलट त्यांच्यासाठी वाट मोकळी करतात. दक्षिण महाराष्ट्रातील गावांतून दिगंबर जैन मुनींचा विहार होतो, तेव्हा लोक आदराने हात जोडतात. तेथे देह उघडा असतो, परंतु पाहणाऱ्याच्या मनात वैराग्याचा अर्थ उमटतो. म्हणजे उपद्रव देहातून उत्पन्न होत नाही, त्याला दिलेल्या अर्थातून होतो.

न्यायालयांनाही हे तत्त्व स्वीकारण्यास बराच काळ लागला. १९९५ साली मिलिंद सोमण व मधु सप्रे यांच्या बुटांच्या जाहिरातीवर मुंबईत खटला भरला गेला. त्यातून निर्दोष सुटका व्हावयास २००९ साल उजाडले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात ‘समकालीन समाजाची मानके’ ही कसोटी मान्य केली आणि निव्वळ नग्न चित्र म्हणजे अश्लीलता नव्हे, हे स्पष्ट केले. तरीही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र सोमण यांनी प्रसिद्ध करताच आठवडाभरात त्यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला.

तथापि या वादांत खरा प्रश्न झाकला जातो. स्वेच्छेने उतरविलेल्या वस्त्रांची चर्चा खूप होते. बळजबरीने फेडलेल्या वस्त्रांचे काय? गावातील वर्चस्व गाजविण्यासाठी दलित स्त्रीला विवस्त्र करून तिची धिंड काढणे, हा आपल्याकडील जुना व क्रूर प्रघात आहे. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावच्या अशाच प्रकाराने महाराष्ट्र हादरला होता. राजा ढाले यांनी १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी ‘साधना’तील लेखात राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारा दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारा दंड एकमेकांशेजारी मांडले. त्यांच्या शब्दांवर गदारोळ झाला. त्यांनी दाखविलेली तफावत मात्र खोटी ठरली नाही.

शिक्षा ही समाजाने अपराधाला लावलेली किंमत असते. ती किंमत वाढावयास फार विलंब लागला. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीची नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ठरविला. कोणत्याही स्त्रीला बळाने विवस्त्र करण्याबद्दल किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद २०१३ मध्ये झाली. ती आता न्याय संहितेच्या ७६ व्या कलमात आहे. त्यापूर्वी दीर्घकाळ या कृत्याला विनयभंगाचे कलम लागे, आणि तेथे केवळ दंडावरही सुटका होऊ शकत असे.

परंतु कलमाने भागत नाही. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी कुकी स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. १८ मे रोजी तक्रार नोंदली गेली. पहिली अटक मात्र जुलैमध्ये चित्रफीत देशभर पसरल्यावरच झाली. एका छायाचित्रासाठी जी यंत्रणा आठवड्यात हलते, तिला येथे दोन महिने लागले.

याच मणिपूरच्या राजधानीत १५ जुलै २००४ रोजी बारा स्त्रियांनी कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन आसाम रायफल्सचा निषेध केला होता. त्यांना कोणी अश्लील म्हटले नाही. पाहणाऱ्यांच्याच माना खाली गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते दल किल्ल्यातून बाहेर पडले.

म्हणून कायद्याने व पोलिसांनी प्रथम विचारावयाचे ते, किती देह उघडा आहे, हे नव्हे. तो कोणाच्या इच्छेने उघडा झाला, हे विचारावयाचे. स्वेच्छेच्या नग्नतेपुढे समाजाने मान वळवावी, तेवढे पुरे. लादलेल्या नग्नतेपुढे मान वळविणे हाच खरा अपराध होय.