विश्लेषण : फँटसी कादंबऱ्यांचे शेवट का रखडतात?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड जुलै २०११ मध्ये आला. त्यानंतर दशक उलटले, तरी वाचकांची सहाव्या खंडाची प्रतीक्षा संपलेली नाही. या लेखकांचे काम चालते तरी कसे?

एवढा वेळ का लागतो?

वास्तववादी कादंबरीकाराला गाव, चलन, इतिहास आयता मिळतो. फँटसीत नकाशापासून जादूच्या नियमांपर्यंत सारे लेखकालाच उभे करावे लागते आणि एकदा छापले की पाळावेही लागते. पाचव्या खंडात अडचण झाली म्हणून पहिल्या खंडातील नियम बदलता येत नाही. पात्रे वाढतात, तसा प्रत्येक नवा प्रसंग जुन्या हजारो पानांशी ताडून पाहावा लागतो. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही चित्रवाणी मालिका २०१९ मध्ये संपलीही. पुस्तके मात्र मागेच राहिली.

लेखकाचेच निधन झाले तर?

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० मध्ये आला. अकरा खंडांनंतर, २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी उरलेले काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवले. जॉर्डन यांच्या टिपणांच्या आधारे एकच खंड लिहायचा होता; प्रत्यक्षात तीन लागले. शेवटचा २०१३ मध्ये आला.

सँडरसन यांची कार्यपद्धती काय?

उमेदवारीच्या काळात ते हॉटेलात रात्रपाळी करत आणि तिथेच लिहीत. २००५ मध्ये आलेली ‘एलांट्रिस’ ही त्यांची पहिली प्रकाशित, पण लिहिलेली सहावी कादंबरी. कोणते पुस्तक किती टक्के लिहून झाले, हे ते संकेतस्थळावर जाहीर करतात. करोनाकाळात त्यांनी गुपचूप चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये ‘किकस्टार्टर’वर सुमारे १ लाख ८५ हजार जणांनी ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली.

वाचकांची भूमिका काय?

अनेकदा हात पोळलेले काही वाचक मालिका पूर्ण झाल्याशिवाय पहिला खंड घेतच नाहीत. मार्टिन यांना त्याने फरक पडत नाही, नवोदिताला पडतो. पहिला खंड खपला नाही, तर प्रकाशक पुढचे खंड काढायला धजावत नाही. शेवटाची खात्री मागणारा वाचकच मग नकळत एखादी मालिका अर्ध्यावर थांबवतो.