मंगळावरून आलेली बातमी

न्यू जर्सीतल्या एका शेतात मोठा खड्डा पडला आहे. त्यात धातूचं प्रचंड नळकांडं रुतलं आहे. भोवती बघ्यांची गर्दी, पोलिसांची आरडाओरड. दिसेल ते सांगताना वार्ताहर कार्ल फिलिप्सची दमछाक होते आहे. नळकांड्याचं झाकण आतून फिरू लागतं, गळून पडतं आणि काहीतरी ओलं, चकाकतं, वळवळतं बाहेर येतं. पांढरं फडकं काठीला बांधून काही माणसं सलोख्याने पुढे होतात. त्यांच्यावर आगीचा झोत येतो. किंकाळ्या. ज्वाळा आपल्याच दिशेने येताहेत, असं फिलिप्स सांगत असतानाच त्याचा आवाज तुटतो.

पुढे काहीच नाही. संगीत नाही, निवेदक नाही. काही सेकंद रेडिओ निव्वळ मुका.

३० ऑक्टोबर १९३८, रविवार. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजून गेलेले. सीबीएस रेडिओवर 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' या मालिकेत 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही श्रुतिका सुरू होती. दिग्दर्शक आणि प्रमुख नट ऑर्सन वेल्स अवघा २३ वर्षांचा होता. तासाभराच्या या ध्वनिमुद्रणात ही काही सेकंदांची शांतता मला सगळ्यात मोलाची वाटते. आवाजाच्या माध्यमात शांतता केवढं काम करते, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं कुठे क्वचितच ऐकू येतं.

कादंबरीतून बातमीपत्रात

मूळ कादंबरी एच. जी. वेल्स यांची, १८९८ सालची. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर उतरतात, तीन पायांच्या उंच यंत्रांतून उष्णकिरणांनी गावं जाळत सुटतात आणि शेवटी पृथ्वीवरच्या जंतूंना बळी पडतात. युरोपियनांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा केलेल्या संहाराची वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला आठवण करून देतात. त्यांचे मंगळवासी म्हणजे साम्राज्यवादी माणसासमोर धरलेला आरसा आहे. परक्याशी झालेल्या या पहिल्या भेटीत बोलणी होत नाहीत, कारण बलाढ्याला दुर्बळाशी बोलायचंच नसतं. ते जळालेलं पांढरं फडकं हेच सांगतं.

चाळीस वर्षांनी ही कथा रेडिओवर आणताना ती जुनाट वाटेल, ही खरी अडचण होती. संहितालेखक हॉवर्ड कॉक यांच्या हाताशी जेमतेम आठवडा होता. त्यांनी घटनास्थळ इंग्लंडमधून उचलून न्यू जर्सीत आणलं. नकाशावर पेन्सिल टेकवली, ती ग्रोव्हर्स मिल या खेड्यावर पडली आणि त्या खेड्याचं नाव जगभर झालं. मर्क्युरीच्या मंडळींनी त्याहून मोठा निर्णय घेतला तो मांडणीचा: निम्म्याहून जास्त नाटक बातम्यांच्या रूपात सांगायचं.

म्हणून सुरुवातीला हवामानाचा अंदाज येतो, मग हॉटेलातलं नाचाचं संगीत. ते मध्येच थांबवून मंगळावर स्फोट दिसल्याची बातमी दिली जाते आणि पुन्हा संगीत चालू होतं. तालमीत हे संगीत कंटाळवाणं होईल, असं सहकाऱ्यांना वाटत होतं. ऑर्सन वेल्सने मात्र ते लांबवलं. त्याचा हिशेब अचूक होता. रोजच्यासारख्या संध्याकाळची खात्री पटल्याशिवाय ती विस्कटल्याचा धक्का बसत नाही.

आवाजाची कारागिरी

फिलिप्सचं काम करणाऱ्या फ्रँक रेडिकने त्यासाठी एक ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतच लेकहर्स्टला 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाईजहाज पेटलं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाचा आवाज बोलता बोलता फुटला होता. खऱ्या दुर्घटनेपुढे माणसाची भाषा कशी मोडून पडते, हे रेडिक त्यातून शिकला. ध्वनिपरिणामांची बाजू ओरा निकोल्स यांच्याकडे होती. नळकांड्याचं झाकण फिरण्याचा तो घुमणारा आवाज स्वच्छतागृहात बरणीचं झाकण सावकाश फिरवून मिळवला, असं सांगतात.

सीबीएसच्या सांगण्यावरून काही खरी नावं बदलली गेली. राष्ट्राध्यक्षांऐवजी गृहमंत्री बोलतात असं ठरलं. पण नट केनी डेलमारने आवाज काढला तो थेट तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारखा. नावं बदलली तरी कानाला ओळख पटलीच.

किती घाबरले, कोण घाबरले?

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर हलकल्लोळ माजल्याच्या बातम्या छापल्या. त्यात बरीच अतिशयोक्ती होती. त्या रात्री झालेल्या श्रोता-पाहणीत जेमतेम २ टक्के लोकांनी हा कार्यक्रम लावल्याचं सांगितलं. त्याच वेळी दुसऱ्या केंद्रावर शब्दभ्रमकार एडगर बर्गन आणि त्याचा बोलका बाहुला लोकांना हसवत होते. शिवाय रेडिओ वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवत होता, तेव्हा त्याला बेजबाबदार ठरवणं त्यांच्या सोयीचं होतं, याकडे माध्यमांचे अभ्यासक लक्ष वेधतात.

तरी भीती खोटी नव्हती. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९४० च्या आपल्या अभ्यासात सुमारे ६० लाख श्रोते आणि त्यांपैकी १२ लाख घाबरलेले, असा अंदाज मांडला. हे आकडेही फुगलेले आहेत, असं पुढच्या संशोधकांचं म्हणणं. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मन लावून वाचावी अशी आहे: घाबरलेल्यांतल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर मंगळवासी आलेच नव्हते. जर्मनांनीच हल्ला केला, असं त्यांना वाटलं. महिन्याभरापूर्वी जर्मनीशी म्युनिक करार झाला होता. युद्धाच्या छायेतल्या त्या आठवड्यांत कार्यक्रम तोडून येणाऱ्या तातडीच्या बातम्यांची कानाला सवय लागली होती. ज्याच्या मनात जी धास्ती होती, तीच त्याला ऐकू आली.

कार्यक्रमाच्या शेवटी ऑर्सन वेल्सने श्रोत्यांना हा हॅलोविनचा खेळ असल्याचं सांगितलं. अमेरिकेत त्या रात्री या कार्यक्रमामुळे कोणी मरण पावल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. पण फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वेडोरची राजधानी कितो इथे याच कथेचं स्थानिक रूपांतर प्रसारित झालं. फसवणूक उघड होताच चिडलेल्या जमावाने रेडिओ केंद्र आणि 'एल कोमेर्सिओ' वर्तमानपत्राची इमारत पेटवली. माणसं जिवानिशी गेली. ऐकणारा आपला कान विश्वासाने हवाली करतो. तो विश्वास केवढी मोठी ठेव आहे, हे कितोने दाखवून दिलं.

एक हाक

१९३८ च्या त्या श्रुतिकेचं ध्वनिमुद्रण जपलेलं आहे, आजही सहज मिळतं. नभोनाट्यावर प्रेम असलेल्या प्रत्येकाने ते दिवे मालवून, हेडफोन लावून एकदा ऐकावं. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास न्यूयॉर्क पडतं. इमारतीच्या गच्चीवरून बोलणारा शेवटचा निवेदक कोसळतो. बंदरातल्या बोटींचे भोंगे विरत जातात. मग एक हौशी बिनतारी संदेशवाला न्यूयॉर्कला हाका मारू लागतो. न्यूयॉर्कमधून उत्तर येत नाही. मग तो विचारतो, हवेत कोणी आहे का, कोणीच का नाही.

त्याची हाक त्या नाटकात कोणालाच पोहोचत नाही. ती पोहोचते फक्त ऐकणाऱ्याला. अंधारात बसलेल्या माझ्या तोंडून दर वेळी नकळत 'आहे' असं निघतं.