जागा साफ करण्यापूर्वी

पौडहून ताम्हिणीकडे जाताना डोंगरउतारावर मधूनमधून ताज्या तांबड्या मातीचे उघडे पट्टे दिसतात. तेथे नवे घर उठणार असते. कालपर्यंत तेथे कारवी, करवंदाच्या जाळ्या, एखादा हिरडा किंवा ऐन उभा होता. जेसीबी येतो आणि दोन दिवसांत जागा तळहातासारखी सपाट होते. ‘जागा साफ झाली’ असे आपण म्हणतो. पण साफ झाले ते नेमके काय?

मुळशीचा उतार खणून पाहिला तर बहुधा तीन थर लागतात : वर माती, तिच्याखाली मुरूम आणि तळाशी कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. पावसाचे पाणी माती-मुरमातून झिरपत कातळापर्यंत पोचते. पुढे ते फारसे मुरत नाही. कातळाच्या पाठीवरून उताराकडे वाहू लागते.

आता एक साधा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते सुमारे १० हजार लिटर, म्हणजेच १० टन! पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ५०-६० किलोमीटर पश्चिमेला ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. तेथे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणे हे नवल नव्हे.

या पाण्याने माती जड होते. शिवाय कणांमधल्या पोकळ्या भरल्या की पाणी कणांना एकमेकांपासून रेटते व त्यांच्यातील घर्षण कमी होते. वजन वाढले आणि पकड सुटली, की उतार घसरतो. झाडेझुडपे नेमकी येथेच कामी येतात. पाने थेंबांचा मारा झेलतात, पालापाचोळा पाण्याचा वेग कमी करतो आणि मुळे माती शिवून ठेवतात. झाड तोडले तरी मुळांची पकड लगेच जात नाही. काही वर्षांत मुळे कुजली की ती जाते. म्हणून पहिला पावसाळा सुखरूप गेला, तरी धोका टळला असे समजू नये.

उताराने तोल सोडला तर काय होते, हे याच जिल्ह्याने ३० जुलै २०१४ रोजी पाहिले. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर पहाटेनंतर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. सकाळच्या एस. टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. मुख्य निमित्त मुसळधार पावसाचे. पण उतारावर झालेले सपाटीकरण व वृक्षतोड यांचीही नंतर खूप चर्चा झाली.

मग घर बांधायचेच नाही का? बांधायचे, पण उताराशी जुळवून घेऊन. जागा सपाट करताना वरची बाजू कापून ती माती खालच्या बाजूला टाकतात. त्यामुळे अर्धे घर कातळावर आणि अर्धे सैल भरावावर येते. भराव हळूहळू दबतो, कातळ दबत नाही. मग भिंतीला तडा जातो. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन कातळ किती खोल आहे ते पाहावे आणि पाया सर्वत्र सारख्याच घट्ट थरावर न्यावा. चौथऱ्याखालचे बुंधे मुळांसकट काढावेत, कारण ते कुजले की पोकळी होते आणि वाळवी लागते. बाकीची झाडे मात्र राखावीत. वरची काळसर माती वेगळी ढीग करून ठेवावी; ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. कापलेल्या कडेला आधारभिंत बांधावी, तिला पाणी बाहेर पडायला भोके ठेवावीत आणि घराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूने ओढ्याकडे वळवावे. हे सारे पावसाळा संपल्यावर सुरू करून जूनच्या आत उरकावे.

विद्यार्थी मित्रहो, हे तुम्हांला शाळेतही पडताळून पाहता येईल. दोन सारखे पत्र्याचे ट्रे घ्या. एकात नुसती माती दाबून भरा, दुसऱ्यात मुळांसह उचललेला हिरवळीचा तुकडा बसवा. दोन्हींच्या एका बाजूखाली वीट ठेवा. झारीने दोन्हींवर सारखेच पाणी घाला आणि खाली वाहून येणारे पाणी काचेच्या पेल्यांत धरा. कोणता पेला आधी भरतो? कोणता गढूळ होतो? दोन्ही पेले रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी तळाशी साचलेला गाळ मोजा. जागा ‘साफ’ होते म्हणजे काय होते, ते त्या गाळाच्या थरात दिसेल.